सही जुळत नाही

मंदाताईचे यजमान, आमचे भाऊजी, दर रविवारी सकाळी नागपुरात नंदनवनच्या आमच्या क्वार्टरपुढे स्कूटर लावायचे आणि ती बंद करण्याआधी एकदा जोरात रेस करायचे. गल्लीला कळावं म्हणून. त्या आवाजासरशी आई स्टोव्हला पंप मारायची, बाबा बनियनवर शर्ट चढवायचे आणि मी वही मिटायची, कारण पुढचे दोन-तीन तास त्या घरात दुसऱ्या कोणाच्याही ज्ञानाला जागा नसे. ताई मागच्या सीटवरून उतरून पदर सावरत थेट स्वयंपाकघरात जायची. भाऊजी औषधांच्या कंपनीत एमआर होते. डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बॅग मांडीवर घेऊन तासन्‌तास बसायचं हे त्यांचं काम. डॉक्टर लोक त्या दिवसांत शेअर घेऊ लागले होते. त्यांचं आपसातलं बोलणं भाऊजींच्या कानावर पडे, आणि कानावर पडलं ते डोक्यात गेलं अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

दिवाणावर मांडी ठोकून ते मुंबईचा व्यापारी पेपर उघडत. हा पेपर ते स्टेशनवरून आणत आणि घडी अशी धरत की नाव बाहेर दिसावं. बारीक अक्षरातले भाव त्यांना वाचता येत नसत, चष्मा लावायची लाज वाटे, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. "वाच वं विशू," ते म्हणत, आणि मी कंपन्यांची नावं आणि आकडे वाचत जाई. कुठलाही भाव वर गेलेला निघाला की ते मांडीवर थाप मारत, "पाहा मामाजी! मी म्हटलं होतं का नाही?" त्यांनी म्हटलेलं नसे. पण बाबा मान हलवत. "चढून राहिला, चढून राहिला" असं ते जेवण होईपर्यंत म्हणत राहत. रविवारी बाजार बंद असतो आणि त्या दिवशी काहीच चढत-उतरत नाही, हे मला पुढे कळलं. त्यांना ते माहीत होतं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही.

आतून आईची पाटोडी थापल्याचा आवाज येई. बेसन घोटून ताटात ओतलं, वरून खसखस आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरला, की ती उलथन्याच्या पाठीनं चापट मारत ते सारखं करायची. रस्सा इतका जहाल की भाऊजींच्या टकलावर घाम डवरायचा, पण 'तिखट झालं' म्हणणं त्यांच्या शानीत बसत नसे. ते डोळे पुसत पुसत बाजाराचं सांगत. आई दाराआडून म्हणायची, "त्याइले अजून दोन पाटोड्या वाढ वं." जावई माणूस. ताई त्यांच्या पाठीमागे उभी राहून पाण्याचा पेला भरायची आणि एक शब्द बोलायची नाही. मला तिचा राग यायचा. दहावीला शाळेत पहिली आलेली ही बाई लग्नानंतर दोन वर्षांत पाण्याचा तांब्या होऊन बसली, असं मी मनात म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी माणूस दुसऱ्याविषयी फार लवकर निकाल लावतो.

वाचून वाचून मला मात्र त्या पेपराची गोडी लागली. भाऊजी गेले की मी तो घेऊन मागच्या ओट्यावर बसायची. लाभांश म्हणजे काय, हक्काचे शेअर म्हणजे काय, भाव वाढला तर विकणाऱ्याला आनंद होतो की घेणाऱ्याला, हे मी कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका फाटक्या पुस्तकावरून आणि त्या पेपरावरून जुळवत गेले. आलेखाच्या कागदावर सात-आठ कंपन्यांचे भाव टिंबांनी मांडून रेघा ओढल्या. रेघा वर गेल्या की मला वाटे मला कळलं, खाली गेल्या की वाटे बाजार चुकला. भाऊजींपेक्षा मी शहाणी होते असं नाही. माझा मूर्खपणा फक्त जास्त टापटिपीचा होता.

परवा आमच्या प्रतापनगरच्या सोसायटीतले एक निवृत्त इंजिनियर मोबाइल पुढे करून मला तशाच रेघा दाखवत होते. हिरव्या, लाल, मेणबत्त्यांसारख्या. "मॅडम, यात सगळं दिसते," म्हणाले. मी म्हटलं, "दिसते ना. झालेलं सगळं दिसतेच." त्यांना ते आवडलं नाही.

तर त्या काळात नव्या कंपन्यांच्या शेअरची लाट आली होती. अर्ज भरायचा, त्यासोबत पैसे भरायचे आणि चिठ्ठ्या टाकून ज्याचं नाव निघेल त्याला शेअर मिळायचे. जितके अर्ज जास्त तितकी नाव निघायची आशा जास्त, एवढं गणित भाऊजींना कळलं आणि ते खुशीत आले. गुजरातेत रसायनं बनवणारी एक कंपनी निघाली तेव्हा त्यांनी बाबांना सांगितलं, "मामाजी, तुमी तिघं, आमी दोघं, मंजे पाच अर्ज. तुमाले काही करायचं नाही. मी सगळं भरतो." बाबा सरकारी ऑफिसात कारकून. क्वार्टर हप्त्यानं आमचंच झालं होतं, त्यावर एक खोली चढवायची म्हणून त्यांनी जे थोडंफार बाजूला ठेवलं होतं ते त्यांनी जावयाच्या हातात दिलं. बाबांना बाजारातलं काही कळत नव्हतं. पण इंग्रजी फॉर्म झरझर भरणाऱ्या माणसावर त्यांचा आंधळा विश्वास होता.

चार जणांचे पैसे परत आले. एकाला शेअर लागले, ते मला. पोस्टमननं माझं नाव घेऊन हाक मारली तेव्हा मला खरं वाटेना. माझ्या नावानं आयुष्यात आलेलं ते पहिलं रजिस्टर पत्र. आत जाड, नक्षीदार कडेचा कागद, मध्ये टाइप केलेलं माझं नाव, आणि पुढे शंभर शेअर. मी तो कागद दिवसभर उशीखाली ठेवला. रविवारी भाऊजींनी तो पाहिला, बोटानं चाचपला, आणि स्वतःच्या बॅगेत घातला. "घरी हरवून जाईल. माझ्याकडे राहू द्या." 

दहाचा शेअर पंधरा झाला, मग बावीस, मग तीस. माझ्या आलेखाच्या कागदावरची रेघ वर वर चालली तसतसा माझा रविवारचा आवाज मोठा होऊ लागला. एकदा भाव वाचून झाल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, आता विकून टाकू. बाबांचे पैसेही निघतील आणि माझ्या कॉस्टिंगच्या कोर्सची फीसुद्धा."

भाऊजींनी बाबांकडे पाहून हसून घेतलं. "काहून विकतं? पन्नास होते आता. डॉक्टर लोक घेऊन राहिले. बाजार काय कॉलेजात शिकवते का वं? अन् फी कायची? मी मामाजीशी बोललो आहे. मनीषनगरच्या आपल्या प्लॉटले भिंत घालायची आहे, ते पैसे तिकडे लागतात. तुझ्या लग्नाच्या वेळी पाहू."

मनीषनगर, जिथे भाऊजींनी प्लॉट घेऊन ठेवला होता, तेव्हा नुसते चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट आणि मध्ये बाभळी असं होतं. त्या बाभळींभोवती बांधायच्या भिंतीला माझे शेअर लागणार होते, हे मला तेव्हा कळलं. बाबांनी खाली बघितलं. म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं.

पन्नास झाले नाहीत. रेघ वाकली. एका रविवारी तेवीस, पुढच्या रविवारी एकोणीस. भाऊजींची थाप बंद झाली. "विकून टाकू, विकून टाकू," ते आता म्हणू लागले, जणू ती त्यांचीच जुनी सूचना. मला विकायच्या फॉर्मवर सही करायला सांगितली. मी शाळेपासून करत आले तशी, स्वच्छ मराठीत, पूर्ण नाव लिहून सही केली. भाऊजींनी न बघता फॉर्म घडी घातला आणि सीताबर्डीच्या दलालाकडे नेऊन दिला.

दीड महिन्यानं तो परत आला. सोबत कंपनीची इंग्रजी चिठ्ठी होती. अर्जावरची सही आणि ही सही जुळत नाही, म्हणून व्यवहार नामंजूर. सौदा मोडला. तेवढ्यात भाव आणखी खाली गेलेला. भाऊजी त्या रविवारी आले तेव्हा स्कूटर रेस करायची विसरले. दिवाणावर बसले आणि म्हणाले, "हिनं सही चुकवली."

मी म्हटलं, "माझी सही मी कशी चुकवीन?"

मग ते निघालं. अर्जाची शेवटची तारीख होती त्या दिवशी मी कॉलेजात होते, वेळ नव्हता, म्हणून माझी सही त्यांनीच करून टाकली होती. इंग्रजीत. बॅगेतून त्यांनी कार्बनची प्रत काढून टेबलावर ठेवली. माझं नाव झपाट्यानं लिहिलेलं, शेवटच्या अक्षराला मोठा वळसा, आणि खाली दोन टिंबं. ती टिंबं पाहून मला हसू आलं आणि मग इतका संताप आला की कान तापले. "यात काय आहे एवढं?" ते म्हणाले. "ही पाहून पाहून कर. पंधरा-वीस वेळा गिरवली की येते. मग नवा फॉर्म भरू."

आणि मी गिरवू लागले, हे मला कबूल केलं पाहिजे. रागावले होते तरी बसले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी माझं नाव भाऊजींच्या अक्षरात लिहीत होते. पाचव्या-सहाव्या वेळी वळसा जमला. दहाव्या वेळी टिंबंही जमली. भाऊजी वाकून बघत होते. "वा! येऊन राहिली!" ते म्हणाले. बाबा खुर्चीतून उठले. मला वाटलं पाणी प्यायला चालले. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि स्वतःच्या खिशाला अडकवलं.

"हे तिची सही नाही," बाबा म्हणाले.

"मामाजी, फक्त कंपनीसाठी..."

"जावईबुवा, माह्या बापानं सारी उमर अंगठा लावला. मी पाटीवर नाव काढून काढून सही शिकलो, तवा मी बारा वर्षाचा होतो. माही पोरगी सही करते. तिले तुमची सही शिकवू नका."

त्या घरात जावयाला असं कोणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. आई दारात येऊन उभी राहिली, हातात उलथनं तसंच. भाऊजींनी पेपर उचलला, कागद मात्र टेबलावर राहिला. ताई त्यांच्या मागून निघाली. जाता जाता तिनं टेबलावरच्या त्या सहीकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मी तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी एकटी सीताबर्डीला दलालाकडे गेले. लाकडी जिना, वर एक खोली, भिंतीवर फळा. मुंबईहून ट्रंक कॉल आला की दलाल शेठजींचा माणूस खडूनं त्यावर भाव लिहायचा. समोरच्या बाकावर सहा-सात माणसं सुपारी चघळत बसलेली. त्यातला एक म्हणाला, "मार्केट आज नाराज आहे," जणू मार्केट त्याची सासू. मला बघून एकानं बाकावरचे पाय खाली घेतले. त्या बाकावर मी पुढे पुष्कळदा बसले. नोकरी सोडून रोज तिथे येणारे, एकमेकांना खात्रीच्या बातम्या देणारे आणि त्याच बातम्यांवर बुडणारे ते लोक पाहिले. इतक्या आत्मविश्वासानं इतकं कमी जाणणारी माणसं मी नंतर फक्त लग्नांच्या मांडवात पाहिली.

शेठजी म्हातारे होते. कंपनीची चिठ्ठी वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सही मिलाने आई है ना? आधे नागपूर की औरतों की सही उनके आदमी करते हैं बेटी. रोज का काम है मेरा." मग त्यांनी रस्ता सांगितला. बँकेत स्वतःच्या नावानं खातं उघडायचं, तिथल्या मॅनेजरसमोर सही करायची, त्यानं साक्षांकित करून दिली की तो कागद कंपनीला पाठवायचा. कंपनी नवी सही नोंदवून घेते. "टाइम लगेगा. तब तक भाव गिरा तो मेरे पास रोने मत आना. लेकिन फिर माल तेरा. कोई हाथ नहीं लगाएगा."

बाबांनी अर्धा दिवस रजा टाकली. पगार जमा होणाऱ्या बँकेत मॅनेजर बाबांना नावानं ओळखत होते. त्यांनी विचारलं, "पहिली सही इंग्रजीत, ही मराठीत. सही काहून बदलली?"

बाबा खोटं बोलतील असं मला वाटलं. मी त्यांच्या आधीच म्हटलं, "साहेब, बदलली नाही. पहिली मी केलीच नव्हती."

मॅनेजरनी बाबांकडे बघितलं. बाबांनी होकाराची मान हलवली. मॅनेजरनी कागद माझ्याकडे सरकवला, मी सही केली, त्यांनी खाली आपली सही केली आणि शिक्का इतका जोरात मारला की शाईदाणी हलली.

कंपनीचं मान्यतेचं पत्र यायला चार महिने लागले. या चार महिन्यांत भाव आधी पडला आणि मग, कोणाला न विचारता, परत चढला. सर्टिफिकेट बाबांनी स्वतः जाऊन भाऊजींकडून आणलं. मी ठरवलं होतं की तीसला विकायचे. तीस का, तर तीसला विकू म्हटलं होतं तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं म्हणून. याला काही शास्त्र म्हणत नाहीत. भाऊजींचा निरोप आला, "आता नको, आता खरंच पन्नास." मी जिना चढले, शेठजींसमोर सही केली आणि विकून आले. बाबांचे पैसे त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ते घेऊन कपाटात ठेवले आणि म्हणाले, "चहा टाक."

शेअर पुढे चाळीसच्या वर गेला. भाऊजींनी हे पुरं एक वर्ष चारचौघांत सांगितलं. "पोरीच्या अकलेनं चाललं की असं होते." त्याच्या पुढच्या वर्षी तो बारावर आला, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि माझ्या अकलेचं म्हणाल तर तिचा निकालही लवकरच लागला. कोर्सची फी भरून उरलेल्या पैशांत मी शेठजींच्या बाकावर ऐकलेल्या एका खात्रीच्या बातमीवर दुसऱ्या कंपनीचे शेअर घेतले. मला वाटलं मी बाकावर बसलेल्यांपैकी नाही, मी फक्त तिथे बसते. तीन महिन्यांत अर्धे गेले. शेठजींनी फळ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "पढ़ी-लिखी है ना तू?" बाकावरचे सगळे हसले. मीही हसले असते तर बरं झालं असतं. मी घरी येऊन आलेखाचे कागद न्हाणीच्या चुलीत घातले.

मधलं एक सांगायचं राहिलं: बाबांसोबत मी बँकेत गेले त्या दिवसानंतर भाऊजी बरेच रविवार आले नव्हते. आई बाबांशी धड बोलत नव्हती. मग एका मंगळवारी दुपारी, ऐन उन्हात, सायकलरिक्षा दारात थांबली आणि ताई एकटीच उतरली. तिनं पाणीही मागितलं नाही. मला मागच्या खोलीत नेलं, दार लोटलं, आणि पिशवीतून साडीच्या घडीत ठेवलेले शेअरचे तीन जाड कागद काढले. तिन्हींवर तिचं नाव.

"हे कपाटात होते," ती म्हणाली. "माह्या नावावर. मले कधी सांगितलं नाही."

"अन् सही?"

"सोबत अर्जाच्या कार्बन होत्या, त्यावर तीच. वळसा, अन् खाली दोन टिंबं." ती माझ्याकडे बघत होती. "विशे, त्या दिवशी टेबलावर पाहिली ना, तवाच ओळखली मी. घरखर्चाच्या चेकवरही तीच राहते. बँकेत माह्या नावाचं खातं आहे म्हणे. मी बँक आतून पाहिली नाही."

दोन वर्षं मी या बाईला तांब्या म्हणत होते. मी रविवारच्या रविवार भाऊजींवर मनातल्या मनात चरफडायची, ती त्यांच्यासोबत सोमवार ते शनिवार राहत होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "भाऊजी चिडतील."

"चिडू दे," ताई म्हणाली. "चिडून काय करते तो? माही सही थोडीच करते?" आणि मग आपण काय बोललो हे तिलाच कळलं आणि ती हसली. लग्नानंतर तिला तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

भाऊजी चिडलेच. आणखी महिनाभर ते आमच्या घराची पायरी चढले नाहीत आणि ताईशीही बोलले नाहीत. भिंतीविना तो प्लॉट आणखी तीन वर्षं तसाच पडून राहिला. नंतर ते हळूहळू ताईला विचारून सही मागू लागले, मागताना खूप खाकरत. पण हे सगळं पुढचं.

त्या मंगळवारी आम्ही त्याच रिक्षानं माझ्या बँकेत तिचं खातं उघडायला गेलो. ओळख म्हणून मी सही केली, कारण आता माझं खातं होतं. काउंटरमागच्या बाईंनी ताईपुढे कार्ड सरकवलं आणि चौकोनात बोट ठेवलं. ताईनं पेन धरलं आणि बराच वेळ नुसतीच बसली. मागे रांगेतला माणूस चुळबुळ करू लागला. मग तिनं सावकाश, एकेक अक्षर सुटं, 'मंदाकिनी' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

बाई म्हणाल्या, "आडनाव राहिलं तुमचं."

ताईनं विचारलं, "असं चालत नाही का?"

"चालते ना. सही आहे तुमची, कशीही करा. फक्त दर वेळी अशीच करावी लागते."

"अशीच करीन," ताई म्हणाली.